घरचं कोण बघेल

अप्पा गेले आणि ते देत असलेल्या शिष्यवृत्तीचं काम माझ्या गळ्यात पडलं. विद्यापीठात शिकायला निघालेली मुलं अजूनही आमच्याच घरी मुलाखतीला येतात. वडिलांच्या खुर्चीत आता मी बसते, पण चहा काही सुटला नाही. तोही मीच करते.

मार्क विचारायचे नाहीत, हा अप्पांचा दंडक. ते शेवटी एवढंच विचारायचे, "तू शिकायला गेलास तर घरचं कोण बघेल?" उत्तर पक्कं असलं की शिष्यवृत्ती मंजूर. हा प्रश्न मी आयुष्यभर ट्रे हातात धरून ऐकला. कितीतरी मुलं शिकून मोठी झाली. अप्पांचं घर मी बघत होते.

आजच्या शेवटच्या मुलालाही मी सवयीनं तेच विचारलं.

"त्याची काळजी नाही, मावशी. धाकटी बहीण आहे ना. बारावीनंतर घरीच असते."

"तिला शिकायचं नव्हतं?"

तो गोंधळला. "तसं कोणी विचारलं नाही."

मी रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले.

"तुझी शिष्यवृत्ती मंजूर," मी म्हणाले. "उद्या तिला मुलाखतीला पाठव. ती शिकायला गेली तर घरचं कोण बघेल, ते तू ठरवून ठेव. आणि जाताना हे कप तेवढे विसळून जा."