पंख्यावरचं नाव

दामिनीचं साक्षगंध ठरलं आणि लंजेंच्या घरात सगळ्यांत आधी भिंतींवर संक्रांत आली. मुलाकडची माणसं बैठकीत बसणार, तिथं हे पोपडे आणि ओलीचे नकाशे त्यांना दाखवायचे की काय? तिच्या बापानं, सुखरामनं, कोहमाऱ्याच्या चौकात चहा पिता पिता गुड्डू पेंटरला गाठलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्डू चढायची घोडी, बादल्या आणि मोबाइलवरची गाणी घेऊन दारात हजर. गडी गोंदिया शहरातला. त्याची मराठी अर्ध्या वाटेत हिंदी होई, आणि घाईत असला की पहिल्यापासूनच.

"भाभी, सामान सब बाहर निकालो. पंखा रहने दो, उसपे पन्नी मार देंगे."

पंख्याचं नाव निघालं तशी सुखरामची बायको हर्षा पदर खोचून पुढं झाली.

"पन्नी मार देंगे म्हंजे? तुमी त्याले हातच नोका लावू भाऊ. पंखा मी बांधीन."

तिनं आधी लाईन बंद केली. ट्यूबलाइटला वर्तमानपत्र गुंडाळलं, बल्बच्या होल्डरवर कॅरीबॅग चढवली, बटणांच्या बोर्डावर गुड्डूकडची कागदी टेप मारली. ही सगळी कामं तिनं भराभर उरकली, पाहुण्याच्या पोराला आंघोळ घालावी तशी. पंख्यावर आली तेव्हा मात्र तिचा हात मऊ पडला. जुन्या पातळाची फडकी करून तिनं एकेका पात्याला गुंडाळली, त्यावर खताच्या गोणीतला आतला प्लास्टिकचा कागद, त्यावर सुतळीचे वेढे. मधल्या डब्यालाही तसंच आणि वरच्या दांडीलाही.

घोडी धरून उभ्या असलेल्या सुखरामला राहवलं नाही. "काऊन व, पंख्याले थंडी वाजून राहिली का? एवढं पांघरून घालून राहिलीस तं!"

"तुमी घोडी धरा. बाकी तुमाले का करनं आहे?"

चिडवलं म्हणून ती हलणारी नव्हती. शेजारच्या घरी रंग दिला तेव्हा काय झालं होतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या लोकांनी पंखा उघडाच ठेवला. छताचा पांढरा रंग थेंबाथेंबानं पात्यांवर पडला, वाळून बसला, आणि मग घासलेट घेऊन घासता घासता पंख्याचा मूळ रंगही निघून गेला. त्यांचं काही बिघडलं नाही, त्यांच्या पंख्यावर काही लिहिलेलं नव्हतं. हिच्या पंख्यावर होतं.

शेवटचं पातं बांधायच्या आधी खालून सुतळी देणारी दामिनी मान वर करून म्हणाली, "आई, हे रुख्मा कोन व?"

हर्षाचा हात थांबला.

"मी तं लहानपनापासून वाचत आली," दामिनी म्हणाली. "बाकीच्या पात्यावरचं तं धुरानं दिसतच नाही. मले वाटे, बाबानं कोनाचा तरी जुना पंखा सस्त्यात आनला असंल."

हर्षाला आधी हसू आलं, मग ते ओसरलं. पोटची पोर. हिला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत धाडलं, गोंदियाच्या कॉलेजात शिकवलं, आता परक्या घरी द्यायची वेळ आली, आणि हिला आपल्या आईचं नाव ठाऊक नाही. त्यात तिची तरी काय चूक? सांगितलं होतं कोणी?

"मीच व रुख्मा," ती म्हणाली आणि सुतळीची गाठ मारून खाली उतरली.

तर ती रुख्मा होती, लग्नाच्या दिवसापर्यंत. माहेर नवेगाव बांध. तळ्याच्या काठावरून आई हाक मारायची, "रुख्मेऽऽ", आणि ही जिथं असेल तिथून "ओ" द्यायची. आईचा आवाज असा खणखणीत की पाण्यातल्या डोंग्यात बसलेला मासेमारही वळून बघे. टिकाराम मामा तर तिला नुसतं रुख्मा कधी म्हणायचाच नाही, "आमची रुख्माबाई" म्हणायचा, जणू ती गावची पाटलीण. हा मामा जंगलकटाईच्या कामावर. त्यानं भाचीच्या लग्नात पंखा द्यायचा ठरवलं आणि तो गोंदियाहून बसमध्ये मांडीवर घेऊन आणला, कंडक्टरनं टपावर टाक म्हटलं तरी ऐकलं नाही. अर्जुनीच्या पेंटरकडून त्यानं पात्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं अक्षरं काढून घेतली. एका पात्यावर 'चि. सौ. कां. रुख्मा हिस', दुसऱ्यावर 'सप्रेम भेट', तिसऱ्यावर 'मामा टिकाराम, नवेगाव बांध'. मामाला वाचता येत नव्हतं. जो भेटेल त्याला तो पंख्यापुढं उभा करी आणि म्हणे, "वाच गा, का लिवला हाये?" आणि समोरचा वाचायला लागला की हा डोळे मिटून ऐके.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची वेळ आली. नणंद कॉलेजात जाणारी. ती म्हणाली, रुख्मा हे तर म्हाताऱ्या बायांचं नाव, आमच्या वहिनीचं नाव हर्षा. सगळे हसले. खरं सांगायचं तर हीसुद्धा हसली. नवं नाव तिला आवडलंही होतं. नव्या पातळासारखं ते थोडे दिवस अंगावर मिरवावंसं वाटलं. पातळ संध्याकाळी सोडून ठेवता येतं, हे मात्र अंगालाच चिकटून राहिलं.

सासरचं घर तेव्हा कवेलूच्या छपराचं होतं. पंखा लाकडी बल्लीला टांगलेला, आणि तो फिरत असला की अक्षरांची नुसती पांढरी रेघ दिसे. पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती आडवी झाली होती. माहेरची आठवण येऊन डोळे भरले होते. तेवढ्यात लाईन गेली. पंखा हळू झाला, आणखी हळू झाला, पांढरी रेघ तुटत गेली आणि तिची अक्षरं झाली. रुख्मा. त्या घरात तिला कोणीतरी पहिल्यांदाच ओळखलं होतं. ती उशीत तोंड खुपसून रडली आणि नंतर तिला फार बरं वाटलं.

मग लोडशेडिंगचे ते दिवस. लाईन गेली की घरातला लहानथोर वीज बोर्डाच्या सात पिढ्या उद्धारायचा. सासू सुपानं वारा घ्यायची, सुखराम बनियन काढून ओसरीत जाऊन पडायचा. ही एकटी आत, घामानं निथळत, पंख्याकडं बघत. पुढं मामा गेला. दामिनी मांडीवर असताना आईही गेली. भाऊ धाकटा, तो मोठ्या बहिणीला आधीपासून बाईच म्हणायचा. म्हणजे तोंडानं ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. आधार कार्डावर हर्षा, राशन कार्डावर हर्षा, बचत गटातही हर्षाताई. कवेलू उतरून स्लॅब पडला तेव्हा नवा पंखा घेऊ म्हणून सुखरामनं धोशा लावला होता, पण तिनं हाच पंखा नव्या छताला लावून घेतला. "चालून राहिला ना चांगला? कायले पैसा वाया घालता?" एवढंच ती म्हणाली, आणि काटकसरी सून म्हणून सासूनं तिचं कौतुक केलं.

गुड्डूनं छत पांढरं केलं, भिंतींना फिका आंब्याचा रंग दिला. थेंब पडायचे ते पडले, पण सगळे त्या प्लास्टिकवर. हर्षा रोज येता-जाता मान वर करून बघायची आणि निश्चिंत व्हायची. काम आटोपत आलं तेव्हा ती दामिनीला घेऊन बांगड्या आणि ओटीचं सामान आणायला सडक अर्जुनीला गेली.

आता बिचाऱ्या सुखरामचीही बाजू ऐकली पाहिजे. बायको इतके दिवस राबतेय, तिच्या जिवाला थोडा आराम म्हणून त्यानं स्वतः घोडीवर चढून पंखा सोडला. सुतळी, प्लास्टिक, फडकी सगळं नीट उतरवलं. रंगाचा एक ठिपका नव्हता. पण नवं कोरं छत आणि त्याखाली हा धुरानं, धुळीनं काळवंडलेला पंखा त्याला बघवेना. त्यानं गुड्डूकडून थिनर मागून घेतलं, फडकं भिजवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घरातली एक वस्तू स्वतःच्या हातानं घासली. घासली ती अशी की काही विचारू नका. धूळ गेली, काजळी गेली, आणि जे जायला नको होतं तेही गेलं.

हर्षा दारात आली तेव्हा तो बटणाजवळ उभा होता, बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरासारखा.

"पाह्य! चकाचक केलो का नाही?"

तिनं वर पाहिलं. पाती नव्या तपेल्यासारखी लखलखत होती. त्यांच्यावर काहीच नव्हतं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांड्यांचा असा आवाज येऊ लागला की सुखराम ओळखून चुकला. काय चुकलं ते मात्र त्याला कळेना. तो दारात जाऊन उभा राहिला.

"का झालं व?"

"नाव पुसलं तुमी माझं."

ती रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. "सारं तं बदलली मी. घर बदलली, नाव बदलली, तुमच्या मायच्या हातचं मीठ-तिखट शिकली. एवढं एक राहिलं होतं तिथं. ते बी पुसून टाकलं. मी इतकी बांधून-बांधून ठेवली होती!"

सुखरामनं एकदा बैठकीतल्या पंख्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "रुख्मा होतं ना?"

हर्षा चपापली. लग्नापासून या माणसानं तिला हर्षा म्हटलं नव्हतं, रुख्मा तर दूरच. 'अवो' नाही तर 'दामिनीची माय', यापलीकडं त्याची गाडी कधी गेली नव्हती.

"तुमाले मालूम होतं?"

"लाईन जाये तवा, ओसरीत जायच्या आधी, मी बी तं तिथंच झोपून राहो ना. वाचो मी बी."

"मालूम होतं तं पुसलं कायले मंग?"

"अवो, मले वाटलं तू विसरली." त्याचा चेहरा अगदी एवढासा झाला होता. "तू कधी बोललीच नाही. मले वाटलं, जुनी धूर-धूळ हाये, नाव बी जुनं हाये. तुले पायजे असंल, हे डोक्यातच आलं नाही."

तिला त्याचा रागही आला आणि कीवही आली. आपण कधी बोललो नाही हे तर खरंच होतं.

दामिनी एव्हाना अंगणात जाऊन गुड्डूला घेऊन आली होती. त्याच्याकडं दाराच्या चौकटीसाठी आणलेला पांढरा ऑइलपेंट उरला होता. झालेला प्रकार ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "अरे भाभी, पहले बोलना था ना! लाओ, मैं लिख देता हूँ. एकदम फैंसी, शेड मारके."

"नाही भाऊ," हर्षा म्हणाली. "ब्रश तेवढा बारीक द्या. मी लिवीन."

ती घोडीवर चढली. सुखरामनं घोडी दोन्ही हातांनी गच्च धरली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, त्यानंतर सहीपलीकडं लिहायचं काम पडलेलं नाही. रु काढताना उकार जरा जास्तच खाली उतरला. ख्म जमायला वेळ लागला. जोडाक्षर पात्याच्या काठाला टेकलं. अर्जुनीच्या पेंटरची ती गोल, वळणदार अक्षरं ती नव्हेतच. पण वाचता येत होतं.

"आता दुसऱ्या पात्यावर भेट लिव," खालून सुखराम म्हणाला. "कोनाकडून लिवतेस? मामाचं नाव टाक ना."

तिनं ब्रश हातात धरून विचार केला. मामा आठवला, त्याचे मिटलेले डोळे आठवले. तो असता तर म्हणाला असता, वाच गा.

"कोनाकडूनबी नाही," ती म्हणाली. "नाव आहे, तेवढं बस झालं."

रंग वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही अशी गुड्डूनं ताकीद दिली. उन्हाळ्याची संध्याकाळ, रंगाचा वास, आणि तिघं त्या नव्या बैठकीत घाम पुसत बसलेली. हर्षा खाली मान घालून ओटीच्या सामानातल्या बांगड्या आकारानं लावत होती. सुखरामला तहान लागली होती. त्यानं घसा खाकरला, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडली, दाराकडं बघितलं, पुन्हा घसा खाकरला.

"रुख्मा."

ती बांगड्या लावतच राहिली. कोणाला तरी हाक मारत असतील असं तिला वाटलं.

"अवो रुख्मा!"

तरी नाही. दामिनीनं तिला कोपरानं ढोसलं. "आई, बाबा तुले आवाज देऊन राहिले ना!"

हर्षानं मान वर केली. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. आणि तिच्या तोंडून "ओऽऽ" निघाली ती एवढ्या मोठ्यानं की अंगणात ब्रश धूत बसलेला गुड्डू घाबरून उठला आणि म्हणाला, "क्या हुआ भाभी?"