शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे

नवरा-बायकोच्या भांडणांत एक जात अशी असते, की ती मिटावीत असं मनातून दोघांनाही वाटत नसतं. दादांच्या घरातलं झोपेवरचं भांडण त्याच जातीचं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते सुरू झालं आणि सत्तावीस वर्षं सुखानं चाललं.

दादा म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने बसचालक. पाठ टेकली की झोप, मध्ये एक जांभईसुद्धा नाही. बायको शिवणकाम करायची. घराला लागूनच, रस्त्याच्या अंगाला तिचं दुकान होतं, कपडे सैल-घट्ट आणि लांब-आखूड करून देण्याचं. गिऱ्हाइकं तिला टेलरबाई म्हणत म्हणून दादाही तेच म्हणत. दादांना पंखा पाचवर हवा आणि वर जाड पांघरूणही हवं. ती म्हणे, दोन्हीपैकी एक काय ते ठरवा. तिला निजण्याआधी चार पानं वाचायची असत, तर दिव्याचा उजेड नको म्हणून दादा तोंडावर उशी घेत. पहाटेचे दोन गजर दादा लावत आणि दोन्ही तीच बंद करी. दादांची उलट तक्रार अशी की बाई झोपेत मापं बोलते. "काल म्हणाली, कमरेत सोडा जरा. मी घाबरून श्वास आत ओढला," असं ते येईल त्याला सांगत.

पण खरा खटला घोरण्याचा. "मी घोरतो? अगं, मी तर जागाच असतो," हे दादांचं ठरलेलं उत्तर. सासूबाई मुलाच्या बाजूनं साक्ष द्यायच्या, "घोरत नाही गं तो. छाती भरदार आहे त्याची." दोघांपुढे एकटीचं काय चालणार? अकरा वर्षांपूर्वी तिनं वाद घालणं सोडलं आणि रोज कानांत कापूस घालून झोपायला लागली. भांडण मात्र सकाळी चहाबरोबर चालू राहिलं, नाहीतर चहाला चव कसली?

मग डेपोत नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक चालकाच्या हातात एक फॉर्म ठेवला. त्याच्या दुसऱ्या पानावर वरच छापलं होतं : शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे. डेपोत हसून हसून पुरेवाट झाली. एकानं विचारलं, "माझ्या शेजारी कुत्रा झोपतो, त्याचा पंजा उठवला तर चालेल का?"

दादा फॉर्म नाचवतच घरी आले. "घ्या टेलरबाई! सत्तावीस वर्षांचा सूड उगवून घ्या."

तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागली. घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो का? "शेजारच्या गल्लीत," ती म्हणाली, आणि सासूबाईसुद्धा हसल्या. हात-पाय झाडतात का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का? "जेवताना घास हातात धरून लागतो," ती म्हणाली. चौथ्या प्रश्नापाशी ती थांबली. झोपेत श्वास मध्येच बंद पडतो का? पडत असल्यास किती सेकंद?

"नाही म्हणून लिही," दादा म्हणाले.

"मला काय माहीत? माझ्या कानांत कापूस असतो."

"म्हणूनच म्हणतो, नाही लिही."

"ऐकते आणि मग लिहिते. मापात पाप नको."

दादांचं हसू उतरलं. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळू आवाजात बोलले. "हे बघ, गंमत ती गंमत. आमच्यातल्या एकाच्या बायकोनं हो लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरनं उतरवलं. आता तो कोठारात बसून टायर मोजतो. मला गाडीशिवाय दुसरं काय येतं, सांग? जरा हात आखडता घे."

असं ते आजवर तिच्याशी कधी बोलले नव्हते. कुणापुढे हात पसरणारा तो माणूसच नव्हता. गाडीचं चाक हातात असलं की दादा ताठ बसत, रुबाबदार दिसत, आणि त्या रुबाबावर तिचा जीव होता. तिनं फॉर्म घडी घालून शिवणयंत्राच्या खणात ठेवला.

दादांची पाळी दोन तुकड्यांत असे, पहाटेपासून दुपारपर्यंत आणि मग संध्याकाळी. मधल्या वेळात ते घरी येऊन जेवत आणि दीड तास ताणून देत. त्या वेळी ती दुकानात असे, यंत्र चालू असे, त्यामुळे दुपारचं घोरणं तिनं कधी धड ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं दुकानाचं दार ओढून घेतलं, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि पलंगाशेजारी स्टूल टाकून बसली. आपण चोरून काहीतरी करतोय असं तिला वाटत होतं.

घोरणं जोरात होतं. ऐकता ऐकता तिला हसूच आलं. सकाळी सांगायला तीन-चार टोमणे तिनं मनात तयारही केले. आणि आवाज थांबला.

थांबला म्हणजे पार थांबला. छाती वर-खाली व्हायचा प्रयत्न करत होती, पण आत काही जात नव्हतं. तिनं काट्याकडे पाहिलं. दहा. अठरा. पंचवीस. दादांचे ओठ निळसर दिसायला लागले. चौतीस. तिनं त्यांना हलवायला हात पुढे केला तोच एक मोठा आचका आला, श्वास आत गेला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. दादा जागेसुद्धा झाले नाहीत. तासाभरात असं तिनं एकोणीस वेळा मोजलं. सगळ्यात लांबलेलं एक्केचाळीस सेकंदांचं होतं. आपण अकरा वर्षं कापूस घालून ह्या माणसाशेजारी पाठ फिरवून झोपलो, असं तिच्या मनात आलं.

सासूबाई केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या तिला कळलं नाही.

"थांबला ना आवाज?" त्या हलकेच म्हणाल्या. "ह्याच्या बापाचंही असंच होतं."

तिनं वळून पाहिलं. सासरे तिच्या लग्नाच्या आधीच गेलेले. झोपेतच गेले, पुण्यवानाला असं मरण येतं, एवढंच तिनं आजवर ऐकलं होतं.

"इतकं घोरायचे की मला डोळ्याला डोळा लागायचा नाही," सासूबाई सांगत होत्या. "मध्येच थांबलं की मी म्हणायची, देवा, सुटले. तेवढ्यात झोपून घ्यायची. त्या दिवशीही पहाटे थांबलं." त्यांनी चौकट धरली. "मी छान झोपले गं सूनबाई. इतकी छान झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. उजाडल्यावर चहा घेऊन उठवायला गेले."

सुनेनं उठून त्यांना धरून पलीकडच्या खोलीत नेलं. मग दुकानात येऊन तिनं खणातला फॉर्म काढला. होय. एक्केचाळीस सेकंद. तासात एकोणीस वेळा. अक्षर वाकडं आलं, पण तिनं खोडलं नाही.

दादा उठल्यावर तिनं चहा दिला आणि फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी वाचला. आधी थट्टेवारी नेऊन पाहिली. "एक्केचाळीस? शर्टाचं माप लिहिलंस की काय?" ती हसली नाही. तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"माझ्या पोटावर पाय आणतेस तू. सख्खी बायको असून!"

"म्हणूनच."

"दुपारची झोप ही काय झोप आहे? थकलेला माणूस घोरणारच."

"घोरण्याचं मी लिहिलंच नाहीये. न घोरण्याचं लिहिलंय. अहो, मला भीती वाटते. तुम्ही समोर झोपला होतात आणि मी तुम्हाला हाक मारायची की थांबायचं हे मला कळत नव्हतं. टायर मोजा, काहीही मोजा, मला चालेल. आईंसारखी चहाचा कप घेऊन मी नाही यायची."

दादांना ते शेवटचं कळलं नाही. त्यांनी आईच्या खोलीकडे पाहिलं. आतून आई म्हणाली, "लिहिलंय ते खरं आहे रे." दादांनी फॉर्म खिशात कोंबला आणि संध्याकाळच्या पाळीला निघून गेले. त्यांनी तो दिला की फाडला हे विचारायची तिला त्या रात्री हिंमत झाली नाही. त्या रात्री ती पडून राहिली आणि मोजत राहिली.

सकाळी अकरा वीसला दादांची बस दुकानावरून जायची. अकरा वीसला बस आली. चाकामागे कुणीतरी तरुण माणूस होता.

तिच्या हातातलं काम तसंच राहिलं. म्हणजे त्यांनी फॉर्म दिला होता. आता माणूस घरी येईल, चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल. साडेबाराला तिनं ताट वाढून ठेवलं. दीड वाजला, दोन वाजले. डेपोत फोन केला तर सांगितलं, दादा केव्हाच निघाले. सासूबाईंना तिनं सांगितलं, काम निघालं असेल. तीननंतर तिला सुईत दोरा ओवता येईना.

चार वाजता दादा आले. घरात न जाता दुकानाच्या पायरीवरच बसले.

"तपासणी आहे पुढच्या आठवड्यात," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तोंडाला यंत्र लावून झोपायचं म्हणे. फरक पडला तर गाडी परत देतील, असं ती डॉक्टरीण म्हणते. बघू."

"इतका वेळ कुठे होतात?"

"घरीच येत होतो. आमच्याच गाडीनं. तिकीट काढलं, मागे खिडकीपाशी बसलो. त्या पोराला गाडी नीट चालवता येते का बघत होतो. पुढच्या थांब्यावर ब्रेक जोरात लावला त्यानं, तेवढं आठवतं. मग कंडक्टरनं खांद्याला धरून हलवलं. गाडी शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती. परत बसलो, तर परत तेच. तिसऱ्या खेपेला चालत आलो."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"अकरा थांबे आहेत मध्ये. दोन शाळा, एक दवाखाना. लोक चढले असतील, उतरले असतील. दिवसाढवळ्या, आणि मला त्यातलं एक माणूस आठवत नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कालचा राग नव्हता. तिथे भीती होती आणि ती त्यांना लपवता येत नव्हती. "टेलरबाई, गाडी माझ्या हातात असताना असं किती वेळा झालं असेल गं?"

तिनं मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं आणि पायरीवर त्यांच्या शेजारी येऊन बसली. रस्त्यावरून एक बस गेली. दादांनी मान वर केली नाही.

आतून सासूबाईंनी हाक मारली, "सूनबाई, आला का गं तो?"

"आले, आई," तिनं सांगितलं. "घरी आले."