ढोलाला दिलेला आशीर्वाद

प्लासिड मास्तरांच्या बँडला ढोल उरला होता, ढोलवाला उरला नव्हता. ढोल वाजवणारा जॉन लेकाकडे कॅनडाला गेला आणि जाताना आपले दणकट खांदे बरोबर घेऊन गेला. ढोल राहिला मास्तरांच्या पडवीत. त्यावर त्यांची बायको क्लेमेंटीन वाल सुकत घालायची.

मास्तर शाळेतले नव्हेत हं, बँडमास्तर. वसईच्या त्या केळीच्या वाड्यांत कुणाचंही लग्न असो, आदल्या दिवशी नवरीला वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला न्यायचं आणि सगळ्यांच्या पुढे मास्तरांनी ट्रम्पेट फुंकत चालायचं, हे ठरलेलं. आता त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, जॉयसचं लग्न आलं होतं. मास्तरांनी ट्रम्पेट घासूनपुसून ठेवला होता. आणि जॉयस म्हणाली, "पापा, मी विरारचा डीजे सांगते."

"माझ्या पोरीच्या पाण्याला डीजे? मग मी काय करू?"

"खुर्चीवर बसून आईस्क्रीम खा. सगळे बाप खातात."

मास्तरांना ते फार लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींपुढे वाजवलं, आणि आपल्याच पोरीच्या वेळी आईस्क्रीम! बराच वाद झाला. शेवटी जॉयस म्हणाली, "ढोलाशिवाय बँड म्हणजे नुसता सर्दीचा आवाज. रविवारी प्रॅक्टिसला ढोल वाजला तर बँड, नाहीतर डीजे."

मास्तरांनी बहिणीच्या मुलाला, फ्लॉईडला बोलावलं. हा एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये बसून लॅपटॉपवर गाणी करायचा आणि शेजारी ती भिंतीवर हात आपटून बंद करायचे. येताना तो काखेत एक चपटा डबा घेऊन आला. डब्यावर रबराचे सोळा चौकोन होते आणि प्रत्येकाला वेगळा दिवा.

"मामा, हे दाबलं की ढोल."

मास्तरांनी दाबलं. दिवा लागला, ढोल काही वाजला नाही. लॅपटॉप म्हणत होता, मला कुणी डबा जोडलेलाच नाही. फ्लॉईडने वायर काढली, घातली, फुंकर मारून घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, स्वतः बाहेर जाऊन आला. दुपार गेल्यावर कळलं की ती वायर नुसती चार्जिंगची होती. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं नसतं, पण मास्तर समोरच बसले होते.

दुसऱ्या वायरने डबा दिसला. फ्लॉईडचा चेहरा खुलला. "मामा, डब्यात आवाज नसतो. तो फक्त निरोप देतो, अमुक चौकोन दाबला म्हणून. आवाज लॅपटॉपमध्ये. कुठल्या निरोपाला कुठला आवाज, ते आपण शिकवायचं."

"म्हणजे डबा पोस्टमन. पण पत्र उशिरा पोचवतोय. मी मघाशी दाबलं, आवाज आत्ता आला!"

फ्लॉईडने लॅपटॉपमध्ये कुठेतरी एक आकडा कमी केला, तेव्हा आवाज वेळेवर यायला लागला. पण मास्तरांचं समाधान कसलं होतंय? "हा ढोल नाही. कुणीतरी पिंप लाथाडतंय. आपलाच ढोल हवा."

मग पडवीतला ढोल अंगणात आणला. वाल घाईघाईत कुठेतरी ओतले. फ्लॉईडने माईक धरला, मास्तरांनी देवाचं नाव घेऊन एक टोला हाणला. धुम्म! काय तो घुमला! फ्लॉईड म्हणाला, रेकॉर्डिंगचा शेवट नंतर कापतो. आणि हौशी माणसं जे नंतर करतो म्हणतात ते कधीच करत नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या नव्या स्कूटरला आशीर्वाद द्यायला फादर आले. वाडीत नवीन काही आलं, मग ते फ्रिज असो नाहीतर पाण्याचा पंप, त्यावर पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय कुणी हात लावत नाही. मास्तरांनी डबा उचलला आणि फादरांपुढे धरला. फादरांचा हात मुळातच सढळ.

"फादर, थोडंच!" फ्लॉईड ओरडला. तोवर सोळाच्या सोळा चौकोन न्हाऊन निघाले होते.

"ओरडतोस काय? आशीर्वाद थोडा घेतात होय?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी डबा लुंगीने पुसला.

रविवारी केळी वाहायच्या हातगाडीवर लॅपटॉप, डबा आणि बॅटरीवरचा स्पीकर चढवला. मागे फ्लॉईड, पुढे मास्तर, मध्ये बँडचे चार म्हातारे. वाडीतल्या बायका फुकटचा नाच म्हणून जमल्या. मास्तरांनी ट्रम्पेट उचलला आणि निघाले विहिरीकडे. फ्लॉईड बोटं आपटत होता, ढोल घुमत होता. मास्तर मनात म्हणाले, खा आता तूच आईस्क्रीम.

केळीच्या कडेला वळले आणि एक कोपऱ्यातला चौकोन आपणहून वाजला.

धुम्म! "अहो, वाल कुठे ओतलेत?"

क्लेमेंटीनचा आवाज! त्या दिवशी ढोलाच्या घुमण्यामागे ती अंगणात येऊन विचारत होती, तेही माईकने घेतलं होतं, पण बोट उचललं की आवाज तुटायचा म्हणून कधी ऐकू आलं नव्हतं. फ्लॉईडने दोन्ही हात वर केले. हात वर, तरी धुम्म! "अहो, वाल कुठे ओतलेत?" आत मुरलेलं पाणी आपल्या मर्जीने ढोल वाजवत होतं.

"मी नाही विचारत हो!" खरी क्लेमेंटीन गर्दीतून किंचाळली.

फ्लॉईड वायर उपटायला वाकला. मास्तरांनी असा डोळा वटारला की तो तसाच वाकलेला राहिला. ढोल थांबला तर डीजे आला! मास्तरांनी चाल बदलली आणि ट्रम्पेट त्या बेशिस्त चौकोनाच्या मागे पळवला. तो लवकर वाजला की हे धावायचे, तो रेंगाळला की सूर लांबवायचे. म्हाताऱ्यांना धाप लागली. बायकांना मात्र ठेका सापडला. धुम्म, "वाल कुठे ओतलेत?" आणि सगळ्या मिळून, "माळ्यावर!" अशी वरात वाडीने पाहिली नव्हती.

विहिरीपाशी मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि विजयी चेहऱ्याने मागे वळले. जॉयस नाचत नव्हती. रडायचं नाही असं ठरवून उभी होती.

"वाजला ना ढोल? मग डीजे रद्द?"

"मला कुठे हवाय डीजे!" जॉयस भडकली. "लहान होते तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी तुमची पाठ बघत चाललेय. तुम्ही पुढे, आम्ही मागे. माझ्या पाण्याला तरी माझ्या बाजूने चाला ना! डीजे असता तर तुमचे हात मोकळे राहिले असते, एवढंच."

एवढी साधी गोष्ट मास्तरांना कधी सुचली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि पोरीचं फार कौतुक वाटलं. फ्लॉईड म्हणाला, "मामा, तुमचा ट्रम्पेटही डब्यात घालू. अजून चौकोन आहेत."

पाण्याच्या दिवशी हातगाडी पुढे काढली होती, फ्लॉईड तिच्यामागे घामाघूम होऊन चौकोन बडवत होता आणि स्पीकरमधून मास्तरांचा ट्रम्पेट सगळ्यांच्या पुढे चालला होता. रेकॉर्डिंगमधले वाल बायकांनी कापू दिले नाहीत. मास्तर मात्र नवरीच्या शेजारी, तिचा हात हातात धरून. त्यांचं लक्ष समोर होतं आणि तीन बोटं सुरासुराला जॉयसच्या हातावर पटापट उठत होती, बसत होती.

"पापा, माझा हात आहे तो. ट्रम्पेट नाही."

"गप चाल," मास्तर म्हणाले. "सूर चुकेल."