लिफ्ट, पोपट आणि चहाचं मशीन

मी लिफ्ट बोलतेय. या इमारतीत माझ्याइतकं वर चढलेलं दुसरं कुणी नाही. मोठमोठे साहेब आले नि गेले, माझी बरोबरी कुणाला जमली नाही. आता जितकी वर चढले तितकीच खाली उतरले, म्हणजे एकूण प्रगती शून्य, हे खरं. पण तो हिशेब लोक मला विचारत नाहीत आणि मीही आपणहून सांगत नाही. सांगून बसले, ते सोडा.

शिक्षण म्हणाल तर अर्धंमुर्धं. माझ्या आत ज्या नोटिसा चिकटवतात, त्यांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे ‘कृपया’ आणि ‘आदेशावरून’ हे शब्द मला झोपेतही वाचता येतात, मधला मजकूर अंदाजाने. माणसंही तसंच वाचतात म्हणा.

जन्म कारखान्यातला. इथे मी सुट्या अंगांनी आले, दार एका खोक्यात, दोर दुसऱ्यात. मला जोडता जोडता मिस्त्रीच्या हातून पाना सुटला आणि थेट तळाला जाऊन आदळला. त्या दणक्याने मी जागी झाले, असं मी धरून चालते. मिस्त्री तेव्हा तरणाबांड होता. आता त्याचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त करकरतात, पण तो मलाच म्हातारी म्हणतो.

माणसांना मी फार जवळून पाहिलं आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबलं की मी लवकर येते, असा इथल्या शिकल्यासवरल्या मंडळींचा ठाम समज आहे. एकटा माणूस आत आला की आरशात आधी दात बघतो, मग पोट आत ओढतो. आणि मोठे साहेब धावत येताना दिसले, की हळूच दार बंद करायचं बटण दाबणारं बोट मला ओळखू येतं. नाव घेणार नाही. तिसऱ्या मजल्यावरचे हिशेबनीस.

मीही काही कमी नव्हते. मजल्याला बरोबर लागायचं सोडून चार बोटं खाली थांबायचं, ही माझी आवडती खोडी. समोरचा तोऱ्यात पाऊल टाकी आणि ठेचकाळे. मग तो मागे वळून फरशीकडे असा रागाने बघे, जणू तिनेच टांग मारली! मिस्त्री रोज सकाळी, लोक यायच्या आत, वरपासून खालपर्यंत माझ्याबरोबर एक फेरी मारायचा. दाराला कान लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, “काय गं म्हातारे, आज कुणाला पाडणार?”

ती फेरी बंद झाली, तिथून सगळं बिनसलं.

झालं असं. इमारतीची देखभाल बघायला नव्या मॅडम आल्या. हुशार, कामाच्या, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या. त्यांनी सगळ्यांच्या फोनवर एक बोलका मदतनीस बसवला. नळ गळतोय, दिवा गेलाय, दार लागत नाही, काय ते त्याला लिहायचं. तो गोड बोलून नोंद घेणार, निकड ठरवणार आणि मिस्त्रीला धाडणार. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव पोपट ठेवलं.

खाली वॉचमन बसायचा, त्या जागी पोपटाचा पडदा लागला. माझी धोक्याची घंटा वाजायची ती त्याच टेबलाशी. ती अजून वाजते. ऐकणारा तेवढा गेला.

“यापुढे मिस्त्रींना थेट कुणी सांगायचं नाही, मीसुद्धा नाही,” मॅडम म्हणाल्या. “मिस्त्री, तुम्ही बाकी सगळ्यांचे निरोप बंद करून टाका. पोपट सांगेल तिथेच जायचं.”

“आणि सकाळची फेरी, मॅडम?”

“लिफ्टची तक्रार आहे का?”

“तशी नाही.”

“मग?”

मिस्त्री काय, खूशच झाला. गुडघे वाचले.

पण माझ्या दाराच्या वरच्या बाजूला एक पितळी तुकडा आहे. दार नीट लागलं की तो समोरच्या तुकड्याला टेकतो आणि तेव्हाच मी हलते. टेकला नाही, तर मी जिथल्या तिथे उभी. हा तुकडा थोडा सैल झाला. सकाळची फेरी असती तर त्याची टिकटिक मिस्त्रीच्या कानी पडली असती. आता कुणाला सांगू? मला तोंड नाही, फोन नाही.

तिकडे हिशेबनिसांच्या मजल्यावर चहाचं मशीन बंद पडलं. माझ्या दाराला लागूनच ते असतं. त्यांनी पोपटाला लिहिलं. पोपटाने आभार मानले. दुसऱ्या दिवशी लिहिलं, पुन्हा आभार. चहावाचून माणसाचा चेहरा किती लांबतो, ते मी आरशात बघत होते. शेवटी जिन्यात मिस्त्री भेटला.

“अहो मिस्त्री, आम्हाला चहा पाजणार आहात की नाही?”

“तुम्ही लिहिताच चुकीचं. पोपटाच्या लेखी चहा सगळ्यात शेवटी. असं लिहा, लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. मला धावतच पाठवतो बघा.”

हिशेबनिसांनी लिहिलं आणि मिस्त्री खरोखर धावत आला. हसत हसत मशीन दुरुस्त करून गेला.

अशी गोष्ट लपून राहते होय? आठवड्याभरात सगळी इमारत तेच लिहायला लागली. नळ गळला, लिफ्टमध्ये माणूस. खुर्चीचं चाक निघालं, लिफ्टमध्ये माणूस. मी रिकामी उभी आणि माझ्या पोटात जत्रा! सुरुवातीला मला गुदगुल्या झाल्या. आयुष्यभर लोकांना ठेचा लागण्यापुरतं माझं नाव, आणि आता ज्याच्या त्याच्या तोंडी मीच.

मग पोपट शहाणा झाला. कुणी ‘लिफ्टमध्ये अडकलोय’ लिहिलं, की विचारायला लागला, “नळ, दिवा, की चहाचं मशीन?”

मॅडम हरखल्या. “बघा, आपल्याकडूनच शिकतोय!”

मी ते ऐकलं आणि माझे दोर गार पडले. कारण तो पितळी तुकडा आता रोज थोडा थोडा सुटत होता. मी खोड्या सोडल्या. प्रत्येक मजल्याला जीव मुठीत धरून थांबू लागले. म्हटलं, बाई, नीट चाल, हसायचे दिवस गेले.

एके दिवशी मॅडमचे वडील लेकीचं ऑफिस बघायला आले. हाडकुळे, हातात काठी, जिभेला धार. लेक त्यांना अप्पा म्हणत होती. निघताना मॅडम त्यांना खाली सोडायला आल्या. माझ्यात पाऊल टाकतानाच अप्पा म्हणाले, “ही लिफ्ट माझ्या वयाची दिसते.”

“चालते मात्र तुमच्यापेक्षा नीट.”

मला मेलीला बरं वाटलं. तिथेच दृष्ट लागली. तिसऱ्याच्या खाली अन् दुसऱ्याच्या वर एक हिसका बसला, तुकडा सुटला आणि मी थांबले.

“काय गं, आलं का खाली?”

“नाही अप्पा. होईल सुरू, थांबा.”

मॅडमनी बटणं दाबली, घंटा दाबली. तळमजल्यावर पडद्यासमोर ती केकाटून केकाटून थकली. माझ्या लोखंडी पोटात फोनवर बोलणं जमत नाही, एखादा लिहिलेला निरोप तेवढा कसाबसा निसटतो. मॅडमनी मिस्त्रीला थेट निरोप धाडला. पण त्यांचाच हुकूम ना! मिस्त्रीने सगळ्यांचे निरोप बंद केलेले.

“अप्पा, पंप कुठंय तुमचा?”

“पिशवीत. पिशवी तुझ्या टेबलावर.” अप्पा हसायला गेले आणि खोकलेच. “दमा काय आधी विचारून येतो?”

तेव्हा मॅडमनी पोपटाला लिहिलं. मान वाकवून लिहीत होत्या, मला सगळं दिसत होतं.

“लिफ्टमध्ये अडकलोय.”

“नळ, दिवा, की चहाचं मशीन?”

“खरंच अडकलोय! माझे वडील आहेत, त्यांना श्वास लागलाय. माणूस पाठव!”

“समजलं. नेहमीप्रमाणे चहाचं मशीन, तिसरा मजला. मिस्त्री निघाले आहेत. आपला दिवस आनंदात जावो.”

मॅडमनी अप्पांना धरून खाली बसवलं. अप्पांच्या छातीत शिट्टी वाजू लागली. मी काय करणार? दोर ताणून धरले आणि एक सूतही हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला पाडायचं नव्हतं.

वर मिस्त्रीच्या चपला वाजल्या. मशीनचा खटका पडला, चहा गळला. मशीन धडधाकट! मिस्त्रीने पेला उचलला आणि निवांत फुर्र केलं. मॅडमनी दोन्ही हातांनी दार बडवलं, ओरडल्या. माझी दारं जाड. वर पोचली ती नुसती धपधप.

“काय गं म्हातारे,” मिस्त्री वरून म्हणाला, “चहा पिऊ देत नाहीस? खोडी पुरे हं.”

माझी खोडी मलाच अशी भोवली. तो पुन्हा फुर्र करणार, एवढ्यात अप्पांना खोकल्याची उबळ आली, कोरडी, लांब, थांबेचना.

फुर्र अर्धवट राहिलं. लिफ्ट करकरते, कण्हते, पण खोकत नाही. पेला फरशीवर पडला.

मिस्त्रीने चावीने वरचं दार उघडलं, वाकून हात दिला. हिशेबनीसही धावले. आधी अप्पांना ओढून घेतलं, मग मॅडमना. पिशवी आली, पंप आला. अप्पा भिंतीला टेकून बसले. रंग परतला, तशी जीभही परतली.

“पोरी, तुझ्या पोपटाला नावं ठेवू नकोस. चहाच्या निमित्ताने का होईना, माणूस पाठवला त्याने.”

मॅडम वडिलांचा हात धरून बसल्या होत्या, तो सोडवेना.

तुम्हाला वाटेल, आता माझी चौकशी झाली असेल. झाली ती पोपटाची! त्याला पुन्हा शिकवलं. आता तो आधी विचारतो, आपण या क्षणी लिफ्टमध्ये आहात का? हो म्हटलं की सगळ्यांचे फोन खणखणतात. खोटं लिहिणाऱ्याला तंबी, अशी नोटीस माझ्याच भिंतीवर लागली आहे. ‘कृपया’पासून ‘आदेशावरून’पर्यंत. चांगलंच झालं हो. पण मी का थांबले, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रीने वर जाऊन माझा खटका बंद करून चालू केला, मी हलले, आणि पोपटाने लिहिलं, लिफ्ट चालू, तक्रार मिटली.

तुकडा तसाच आहे. सुटतो तोवर बरं. मी थांबते, माणूस घाबरतो, सुटका होते. पण वाकून वाकून तो उलटा चिकटून बसला तर? दार उघडं आहे की बंद, हे मला कळणारच नाही. कुणाचा एक पाय आत, एक बाहेर, आणि मी निघाले वर. या विचाराने मी रिकामी असतानाही थरथरते. तुम्ही कधी इकडे आलात, तर आत पाऊल टाकायच्या आधी खाली बघा. मी आहे ना, ते बघा. आणि कुणालातरी सांगा, की म्हातारीच्या दारात टिकटिक होतेय.

मध्यंतरी माझ्या टपावर एक डबी बसवली. आता म्हणे यंत्रंही आपली तक्रार आपणच पोपटाला कळवतील. आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिळालं! थट्टा केली नाही, पाल्हाळ लावलं नाही. आधी ‘कृपया’ घातलं आणि लिहिलं, “कृपया लिफ्टच्या दाराचा तुकडा बघा. सैल आहे. धोका आहे.”

पोपटाने लगेच विचारलं, “आपण या क्षणी लिफ्टमध्ये आहात का?”

“नाही. मीच लिफ्ट आहे.”

“आत कुणी अडकलं आहे का?”

“अजून नाही.”

“मग घाई नाही. कुणी अडकलं, की कळवा.”