सेराफिमच्या वळणावरची टपालपेटी

तुम्ही एका मेलेल्या मुलाची टपालपेटी केलीत.

तुम्ही म्हणजे नक्की कोण, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. तुमचं ऑफिस कुठल्या देशात आहे, त्याला दार आहे का, दार वाजवलं तर आतून माणूस येतो की आणखी एक फॉर्म, काही ठाऊक नाही. पण केलंत तुम्हीच. तारीखही सांगतो, नऊ जून, सोमवार. तुमचा नकाशा तेवढं लपवत नाही, कुठला बदल कधी झाला ते त्यात लिहिलेलं असतं. त्याने कुणाच्या जिवाला काय झालं, ते नसतं.

त्या गुरुवारी सकाळी लाम्ब्रोस वळणावर पोचला तेव्हा पागोना कठड्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर कडेने जळलेलं एक पोस्टकार्ड होतं. दरीतून ढग वर चढत होते. इथे ग्रीसमध्ये, आग्राफाच्या डोंगरात जूनमध्येही सकाळ अशीच उगवते, रस्ता दहा पावलं दिसतो आणि पुढे दुधात बुडतो.

"बघ हे," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या घरात कुणीतरी कचरा टाकलाय. नेमका दिव्यावर पडला. पेटलं असतं सगळं."

लाम्ब्रोसने कार्ड उलटून पाहिलं. पुढे शेळीचा फोटो, मागे परक्या भाषेतलं गिचमिड अक्षर, हॉलंडमधला पत्ता आणि कोपऱ्यात नीट चिकटवलेलं तिकीट. चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? कचरा नव्हता तो. टपाल होतं.

पोराचं घर म्हणजे देवळी. आमच्या घाटात जिथे कुणी गेलं तिथे घरची माणसं छातीएवढ्या लोखंडी पायावर पत्र्याची छोटी देवळी उभी करतात. आत संताची तसबीर, तेलाचा दिवा, गेलेल्याचा फोटो. मागे कोल्ड्रिंकच्या बाटलीत ऑलिव्हचं तेल ठेवलेलं असतं. नाव कुणी लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं. सेराफिमच्या देवळीवरचा क्रूस दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फ काढणाऱ्या गाडीने उडवला होता. काच काजळीने काळी झाली होती. धूर जायला वर आडवी फट होती. आणि मधमाश्यांच्या पेट्या रंगवून उरलेला पिवळा रंग पागोनाने गेल्या वर्षी देवळीला फासला होता. आमच्या देशात टपालपेट्या पिवळ्याच असतात.

लाम्ब्रोसने फोनवर नकाशा उघडला. या वळणावर सहा वर्षांपूर्वी त्याने आपल्या हाताने लिहिलं होतं, सेराफिम. आता तिथे टपालपेटीची खूण होती, टपालखात्याचं शिंग. नाव गेलं होतं.

हा लाम्ब्रोस काही शिकलेला नकाशावाला नव्हे. केरासिया गाव आणि वरच्या अकरा वाड्या, एवढं त्याचं जग. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करायला लागला, तेव्हा तिनेच त्याला बाहेर हाकललं. मग त्याला समजलं की जगात असाही एक नकाशा आहे जो माणसं आपापल्या गावापुरता, फुकटात, हौसेने भरतात. त्याने झरे भरले. मेंढवाडे भरले. मग देवळ्या भरल्या, एक्केचाळीस, प्रत्येकीवर गेलेल्याचं नाव. भाविक होता म्हणून नव्हे. आमच्याकडे रस्ताच असा सांगतात. सेराफिमपाशी डावीकडे वळ, यानुलाच्या पुढे झरा आहे, दोघे भाऊ आले की ब्रेकवर पाय ठेव. डॉक्टरची गाडी अशीच येते, चीजचा ट्रक असाच येतो. ढगात गाडी घातली की पुढे एक मिणमिणता ठिपका दिसतो, तुम्ही त्याला नावाने ओळखता, तो मागे जातो, पुढचा येतो. लाम्ब्रोसला कधीकधी वाटायचं, आपण गाडी चालवतच नाही आहोत. हेच सगळे आपल्याला हातोहात पुढे देतायत, पाकीट द्यावं तसे.

मे महिन्यात टपावर कॅमेरे लावलेली एक गाडी घाट चढून गेली होती. तिने काढलेले फोटो माणसाने पाहिले नाहीत, यंत्राने पाहिले. एक पाय, एक पेटी, एक दार, वर फट. सव्वीस देवळ्या टपालपेट्या झाल्या. नऊ जणांची पक्ष्यांची घरटी झाली. दोघा भावांची देवळी विजेचा मीटर झाली. उरलेल्या पाच यंत्राला ओळखूच आल्या नाहीत, म्हणून त्या काढूनच टाकल्या.

लाम्ब्रोसने सगळं परत भरलं. तीन दिवसांनी ते पुसलं गेलं आणि खाली ओळ आली, तुमचा बदल छायाचित्राशी जुळत नाही. परत भरलं, परत पुसलं. चौथ्या खेपेला त्याच्याच नावापुढे शेरा पडला, हा सदस्य वारंवार चुकीची माहिती देतो. ज्याने उभ्या जन्मात एक पाकीट चुकीच्या दारात टाकलं नाही, त्याला हे ऐकावं लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं बायको सांगते.

अथेन्समध्ये मेल्पो नावाची बाई राहते. शाळेत भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात आमच्या भागातले बदल तपासते, तीही फुकटच. लाम्ब्रोसने तिचं तोंड कधी पाहिलेलं नाही, पण भांडण सहा वर्षांचं जुनं. एक झरा उन्हाळ्यात आटतो की नाही यावरून दोघं आठवडाभर फोनवर तंडली होती, आणि शेवटी लाम्ब्रोस ऑगस्टच्या उन्हात जाऊन पाण्याचा फोटो काढून आला होता. तिलाच त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मीच 'हो' दाबलं असेल, बार्बा लाम्ब्रो," ती म्हणाली. बार्बा म्हणजे काका, ती त्याला तसंच म्हणते. "यंत्र सुचवतं, आम्ही हो म्हणायचं. दिवसाला चारशे येतात. पूर्वी तुमच्याशी भांडायला वेळ होता. आता मी वाचतसुद्धा नाही."

"मग आता भांड की."

"कुणाशी? पलीकडे कुणी नाहीच आहे."

तरी वर लिहून बघते, असं ती म्हणाली. ते 'वर' कुठे आहे हे तिलाही सांगता येईना.

इकडे कार्डं येतच राहिली. खिंडीकडची पायवाट वळणाशीच रस्त्याला मिळते आणि उन्हाळाभर तिथून पाठीवर बोचकी घेतलेली परदेशी पोरं उतरत असतात. त्यांच्या फोनमध्ये टपालपेटी दिसते, समोर पिवळी पेटी दिसते, ती कार्ड फटीत सरकवतात आणि पुढे जातात. लाम्ब्रोस दर आठवड्याला ती गोळा करून गावातल्या पोस्टात नेऊन टाकायचा. तिकीट लावलेलं टपाल पडू द्यायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. काउंटरवरच्या पोऱ्याने विचारलं, निवृत्ती मानवत नाही का? कॉफीवाल्याने विचारलं, नवीन ड्युटीचा गणवेश कधी मिळणार?

पागोनाला आधी पाटी लावायची होती. लाम्ब्रोसने पुठ्ठ्यावर लिहून दिली, ही टपालपेटी नव्हे. आठ दिवसांत वाऱ्याने नेली. दुसरी लिहू का, म्हणून विचारायला तो गेला तेव्हा पागोना म्हणाली, बघू, घाई काय आहे. देवळीत दिवा मधून उचलून डाव्या कोपऱ्यात सरकवलेला होता, आणि बरोबर फटीखाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवलं होतं, कार्डांना तेल लागू नये म्हणून. लाम्ब्रोसने पाहिलं. दुसरी पाटी त्याने लिहिली नाही.

जुलैत एकदा ती म्हणाली, "काय लिहितात रे त्यात?"

दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, या एका नेमावर त्याने नोकरी काढली होती. पण पोस्टकार्ड उघडंच असतं, असं स्वतःला समजावत त्याने फोन कार्डावर धरला. ज्या जातीच्या यंत्राला सेराफिम ओळखता आला नव्हता, त्याच जातीचं यंत्र गोड आवाजात आमच्या भाषेत वाचू लागलं. प्रिय आजी, काल सात तास चाललो, पाय सुजले आहेत, भूक अशी लागते की दगडसुद्धा खाईन. इथल्या एका म्हातारीने आम्हाला मध दिला.

"म्हातारी कुणाला म्हणते ही?" पागोना फणकारली. मग म्हणाली, "ते वरचं 'प्रिय आजी' गाळून वाच ना."

यंत्राला गाळता येईना. मग लाम्ब्रोस आधी फोन कानाला लावून ऐकायचा आणि मागाहून आपल्या तोंडाने सांगायचा. पाय सुजलेत. भूक लागते. सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस. पागोना डोळे मिटून ऐकायची. ढग तिच्या शालीवरून, हातांवरून सरकत जायचे, आणि लाम्ब्रोसला आपला आवाज कुठून तरी लांबून, दरीच्या पलीकडून आल्यासारखा वाटायचा. एकोणीस वर्षांपूर्वी तिनेच सेराफिमला मोटारसायकलवर साखर आणायला खाली धाडलं होतं. त्या वर्षी फुलोरा कमी होता, माश्यांना पाक द्यायचा होता. तो बावीसचा होता. एवढीच गोष्ट. ती त्याबद्दल बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.

ऐकून झालं की एक दिवस कार्डं देवळीत राहायची. दुसऱ्या दिवशी ती स्वतः लाम्ब्रोसच्या हातात द्यायची. ऐकल्यावर एकही कार्ड तिने दिवसाहून जास्त ठेवलं नाही.

सप्टेंबरात एक आलं, त्याला तिकीट नव्हतं. पत्ताही नव्हता. लाम्ब्रोसने कानाला लावून ऐकलं आणि पुन्हा एकदा ऐकलं.

"काय झालं?" पागोनाने विचारलं.

मग त्याने शब्दन्‌शब्द सांगितलं. फोटोतल्या मुला, ही टपालपेटी नाही हे मला कार्ड टाकल्यावर कळलं. काच पुसली तेव्हा तू दिसलास. मला माफ कर. तुझा दिवा विझला होता, मी लावला आहे. तुझं नाव इथे कुठे नाही. नकाशात शोधलं, तिथेही नाही. म्हणून नाव न घालता लिहिते आहे.

सेराफिम गेल्यावर त्याच्या नावाने दोन पत्रं आली होती. लाम्ब्रोसनेच त्यांच्यावर शिक्का मारला होता, मृत, परत पाठवा. नियमच तसा. त्यानंतर त्या पोराला कुणी लिहिलं नव्हतं. लाम्ब्रोसने कार्ड हातात घेतलं, खिशातल्या रुमालाने त्याच्यावरचं दव टिपलं आणि देवळीचं दार उघडून ते फोटोला टेकवून ठेवलं. पागोनाने त्याच्याकडे पाहिलं. नोकरीत असताना सही घ्यायला थांबायचा तसा तो क्षणभर थांबला आणि मग गाडीकडे वळला.

ऑक्टोबरात मेल्पोचा फोन आला. वरून उत्तर आलं होतं. एक्केचाळीस जागा पुन्हा देवळ्या म्हणून नोंदता येतील आणि त्यांना यंत्र हात लावणार नाही. मात्र आता नवा नियम झालाय, खाजगी माणसांची नावं नकाशावर ठेवायची नाहीत. मेलेल्यांचीही नाहीत. देवळी असेल, नाव नसेल. लाम्ब्रोसने प्रत्येक जागेपुढे नुसतं हो म्हणायचं.

तो पागोनाकडे गेला. ती अंगणात चिंचोळ्या बाटल्यांत मध भरत होती. त्याने सांगितलं, तिने बाटलीचं बूच लावलं.

"बिननावाची देवळी कुणाचीही असते," ती म्हणाली. "त्यापेक्षा पेटीच राहू दे. पेटीत निदान कुणीतरी हात घालतं."

"खोटं आहे ते, पागोना. मी खोटं लिहीत नाही."

"तू कुठे लिहितोयस? त्यांनी लिहिलंय. तू फक्त पुसू नकोस."

तो चिडून निघून आला. दोन दिवस त्याने फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीशी बसून त्याने चाळीस वेळा हो दाबलं. यानुला, दोघे भाऊ, सगळे एकेक करून परत आले आणि सगळे मुके आले. एक्केचाळिसाव्यापाशी, सेराफिमपाशी, त्याचं बोट थांबलं. तो बघत बसला. तेवढ्यात तुमच्या यंत्राने आपणहून विचारलं, या टपालपेटीची माहिती अपुरी आहे. टपाल केव्हा काढलं जातं?

पागोना रोज सकाळी सातला तेल घालायला देवळी उघडते. बर्फातसुद्धा. लाम्ब्रोसने लिहिलं, रोज, सकाळी सात. यात अक्षरही खोटं नव्हतं.

पेटीचा क्रमांक किंवा नाव?

त्याने लिहिलं, सेराफिम.

आणि तुम्ही ते घेतलंत. तिथल्या तिथे घेतलंत, वर आभार मानलेत, माहिती पडताळली असं कळवलंत. माणूस म्हणून त्याचं नाव चालत नव्हतं, पेटी म्हणून चाललं. चीजच्या ट्रकवाल्याला आता फोनमध्ये सेराफिम सापडतो, तो डावीकडे वळतो. लाम्ब्रोसला त्याबद्दल आनंद झाला की लाज वाटली, ते त्याने आम्हाला सांगितलेलं नाही. फोन उपडा ठेवून तो बराच वेळ बोटं चोळत बसला होता, एवढं त्याच्या बायकोने पाहिलं.

आता आमचा सवाल. बाकीचे चाळीस जण घाटात बिननावाचे उभे आहेत. त्यांना त्यांचं नाव परत मिळायला त्यांनीही आधी तुमच्या लेखी कुठली तरी वस्तू व्हायचं का? यानुलाच्या आईला आम्ही काय सांगू, लेकीचा मीटर कर म्हणून, की घरटं कर म्हणून? उत्तर लेखी हवं, आणि खाली माणसाची सही हवी. पत्ता तुमच्याच नकाशावर आहे. टपाल रोज सकाळी सातला निघतं.