पाठवणी राहिली

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझं लग्न अर्धवट राहिलं आहे. हसू नका. माझ्या बटणांच्या खाचेत अजून हळद आहे.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य गेलं ते शहापूरच्या एका अभिलेखागारात, म्हणजे गावापाड्यांचे जुने कागद, फोटो, गाणी जपून ठेवतात त्या खोलीत. हे काम नम्रताताई एकट्या करतात. मऊ ब्रशने धूळ झाडायची, कसर लागली का पाहायचं, पाकिटावर गावाचं नाव लिहायचं. दिवसभर त्या कुणाशी बोलत नाहीत. बोलायला असतंच कोण! पण गाणी टिपायला मला खांद्याला अडकवून बाहेर पडल्या, की आम्हा दोघांची चंगळ असे. लोक माझ्यात आपलाच आवाज ऐकून तोंडाला पदर लावत आणि माझं केवढं कौतुक करत!

एकदा आम्ही उंबरमाळीजवळच्या पाड्यावर लहानीआजींकडे गेलो. त्या धवळेरी होत्या, म्हणजे धवळे गाऊन लग्न लावणाऱ्या. पण आता पाड्यावरच्या लग्नांत डीजे वाजे आणि आजींना कुणी बोलावत नसे.

"लगीन नाय तं धवळा कसा गाऊ गो?" आजींनी हात झटकले. मग माझ्याकडे पाहून त्यांचे डोळे चमकले. "यालाच नवरा करू! काळा हाय, पन आवाज बरा हाय."

झालं! आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला, मला हळद लागली, शेजारी नवरी म्हणून कोरं मडकं बसलं. आजी गायला लागल्या आणि मी एकेक शब्द टिपून घेतला. लग्न लागलं. पाठवणीच्या गाण्याआधी मात्र त्या थांबल्या.

"पाठवनी आता नाय. ती गायली की लगीन सरलं. मंग तू कशाला येशील माझ्याकडं? पुना येशील ना गो?"

"येते ना, आजी," नम्रताताई म्हणाल्या.

येणार होत्याच. पण म्हसा गावच्या जत्रेतली गाणी आली, मग कुठल्याशा गावचे भिजलेले कागद वाळवायचे आले. कामातून काम निघत गेलं. अखेर गेलो, तेव्हा आजींची नात प्रेमा अंगण सारवत होती.

"आजी गेली," ती म्हणाली. "रोज इचारायची, शापूरची बाई आली का? त्या मडक्याला कुनाला हात लावू देत नव्हती."

पाठवणी प्रेमाला येत नव्हती. पाड्यावर कुणालाच येत नव्हती. पाठवणी झाली नाही, म्हणून मडकं माहेरीच राहिलं.

आता ताईंकडे बोटभर लांबीचा नवा रेकॉर्डर आहे. माझ्यातली गाणी संगणकात गेली आणि मी कपाटात. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण अधूनमधून ताई मला बाहेर काढतात, कापसाने पुसतात, टेप चिकटू नये म्हणून फिरवून ठेवतात.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण तुमच्या ओळखीचं कुणी म्हातारं माणूस गाणं अर्धवट ठेवून "पुन्हा ये" म्हणालं, तर लवकर जा. त्याला गाण्यापेक्षा तुमची सोबत हवी असते.

कधी ताई लग्नाची ती टेप लावतात. ती शेवटाकडे येते. आजींचा आवाज विचारतो, "पुना येशील ना गो?" पुढे ताईंचंच उत्तर आहे. ते ऐकू यायच्या आत त्या माझं बटण दाबतात.