दारावरचं अवजार

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या हिवरखेडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लगोलग अकोल्याहून एक साहेब आला, वजन वाढवायला कापसावर कोण पाणी मारतं ते तपासायला. माझ्या घरात शिरणार तोच त्याला दारावर टांगलेलं लाकडी अवजार दिसलं. तीन पाय, एक भोक, वाकडी मूठ.

"ये क्या है?"

मीही ते पहिल्यांदाच पाहत होतो. पण स्वतःच्या दारावरची वस्तू ठाऊक नाही, हे सांगू कसं? म्हटलं, "सरकी काढाचं यंत्र. आमच्या पणज्याचं."

शेजारचा नत्थुजी भडकला. "साफ खोटं! हे बैलाले दवा पाजाचं हाय. माह्या आज्यानं बनवलं!"

झालं! दुपार टळेपर्यंत आम्ही एकमेकांचे पूर्वज उद्धरले. साहेबानं चित्र काढलं, दोन्ही उपयोग लिहून घेतले आणि खुशीत घोड्यावर बसून गेला.

मी बायकोवर ओरडलो, "अवं, हे हाय तरी काय?"

सगळा ओला कापूस मागच्या दारानं हलवून ती हात पुसत आली. "मोडका पाळणा अन् गाडीची खुंटी. सकाळीच बांधलं मी."

"कायले?"

"साहेब घरात आला काय?"

"नाही."

"मंग? बराबर चालून राहिलं न!"